खरी गोळी कोणाची

वच्छलाबाई होले यांनी अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर चाळीस वर्षं फुलं विकली. पहाटे एसटी स्टँडवर जायचं, तिवशाच्या गाडीतून शेवंतीच्या, झेंडूच्या करंड्या उतरवून घ्यायच्या, सातच्या आत दुकान मांडायचं. जीभ अशी, की गिऱ्हाईक हार घेऊन जायचं आणि वर दोन शब्दही घेऊन जायचं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच यायचं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा किशोर म्हणाला, "आई, लय झालं आता. घरी आराम कर." दुकान त्यानं हाती घेतलं.

आराम वच्छलाबाईंना सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मिळाला, आणि तो त्यांच्या जिवावर उठला. मागच्या खोलीत त्यांचा पलंग होता. खिडकी बोळीत उघडायची, तिथे ऊन कधी यायचं नाही. सकाळी जाग आली की त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत. किशोर रिकामे हात नकोत म्हणून थोडी फुलं घरी आणून देई, तर हार अर्धा ओवून सुई तशीच खोचलेली सापडे. विचारलं तर म्हणत, "काई नाई. मनच लागत नाई."

त्या रडत नसत, त्यामुळे घरच्यांना बरेच दिवस काही कळलं नाही. कळलं ते भाजीवाल्यामुळे. एके दिवशी त्यानं कोथिंबिरीची एक सुकलेली, पिवळी जुडी पुढे केली आणि वच्छलाबाईंनी ती भाव न करता, एक शब्द न बोलता घेतली. ते पाहून सून गीतांजली हबकली. सासूला ती मामीजी म्हणायची. तिनं रात्री किशोरला सांगितलं, "मामीजीची तब्येत खरंच बिघडली आहे."

गीतांजली एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. तिचं दुखणं दुहेरी होतं. तिची स्वतःची आई, सत्यभामाबाई निमकर्डे, अकोल्याला गोरक्षण रोडवरच्या घरात एकटी राहत होती. वडील, केशवराव, जाऊन दोन वर्षं झाली होती. शेत बटईनं दिलेलं, भाऊ पुण्याला. आई दिवसभर टीव्ही लावून बसायची आणि फोनवर फक्त "बरं हाये" म्हणायची. 'बरं हाये' ऐकून ऐकून गीतांजलीला त्या शब्दांची भीती वाटायला लागली होती.

त्याच सुमारास लॅबमध्ये एका अभ्यासाचं पत्रक आलं. साठीच्या पुढची, मन उतरलेली आणि रक्तात व्हिटॅमिन डी कमी असलेली माणसं हवी होती. केंद्रं दोन, एक अमरावतीत आणि एक अकोल्यात. गीतांजलीनं दोन्ही आयांचं रक्त स्वतःच काढलं. वच्छलाबाईंचं डी तेरा निघालं, सत्यभामाबाईंचं चौदा.

वच्छलाबाई ते ऐकून पलंगावर उठून बसल्या. "चाळीस वर्ष म्या उन्हात दुकान लावलं. माह्या डोक्यावर पोळी भाजली असती. आन् मलेच ऊन कमी?"

अभ्यासातर्फे आलेली मुलगी आचल नावाची होती, बारीक चणीची, हातात टॅब घेतलेली. ती म्हणाली, "ऊन साठवून ठेवता येत नाही आजी. रोजचं रोज लागतं."

तिकडे अकोल्यात सत्यभामाबाईंनी तर याचा अपमानच मानला. "मे महिन्यात आमच्या अकोल्यात डांबर पातळ होते," त्या लेकीला फोनवर म्हणाल्या. "साऱ्या देशात आमच्या गावाचं नाव उन्हासाठी पेपरात येते. आन् माह्या अंगात ऊन नाई, असं कसं लोकाईले सांगू?" मग विचारलं, "तुह्या सासूले किती निघालं?"

"तेरा."

"मले चवदा ना? बरं."

या 'बरं'चं मूळ नऊ वर्षांपूर्वीच्या लग्नात होतं. लग्न अकोल्याला झालं. फुलवाल्याच्या घरचा नवरदेव येणार, आणि सत्यभामाबाईंनी मांडव सजवला होता कापडी फुलांनी! वच्छलाबाईंनी मांडवात पाय टाकला, एक गुलाब दोन बोटांनी चोळून पाहिला आणि साऱ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "धुतला तं रंग जाईन काय?" तेव्हापासून दोघी विहिणी एकमेकींशी सणावारी, तीन वाक्यांत बोलत होत्या.

आचलनं घरी बसून सगळं समजावलं. दर रविवारी जेवण झाल्यावर एक कॅप्सूल. सहा महिने. निम्म्या लोकांना खरी, निम्म्यांना खोटी. दिसायला सारख्याच. कोणाला कोणती हे कोणालाच सांगायचं नाही, कारण कोणालाच माहीत नाही.

"तुले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"मलाही नाही."

"डाक्टरले?"

"त्यांनाही नाही. फक्त कॉम्प्युटरमध्ये नोंद आहे. डी अगदीच कमी असतं तर तुम्हाला सरळ औषधच दिलं असतं. तुमचं त्याच्या जरा वर आहे, म्हणून अभ्यासात घेतलं."

मग तिनं नऊ प्रश्न विचारले. "गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस तुम्हाला कशातच रस वाटला नाही?"

"कशातच म्हंजे? भांडणात धरतेस काय?"

"धरते."

वच्छलाबाईंनी विचार केला. "मंग रोजच," त्या म्हणाल्या, आणि हे उत्तर त्यांच्या स्वतःच्या कानाला फार वाईट लागलं. गुण आले सत्तावीसपैकी पंधरा. जास्त म्हणजे वाईट, हेही आचलनं सांगितलं. सत्यभामाबाईंचे सोळा होते, ते गीतांजलीच्या तोंडून निसटलं.

पहिल्या रविवारी दुपारी दीड वाजता अकोल्याहून फोन आला. नऊ वर्षांत सण नसताना आलेला हा पहिला फोन.

"गोळी घेतली काय, ईनबाई?"

"घेतली. तुमी?"

"घेतली ना बाप्पा! पाच मिनिटं नाई झाले तं अंगात अशी सरसर गर्मी चढली. पायाच्या अंगठ्यापासून. खरीच हाये माही."

वच्छलाबाईंना काही म्हणजे काही चढलं नव्हतं. वरणाचा एक ढेकर आला होता तेवढाच. पण सत्यभामेला खरी आणि आपल्याला खोटी, हे ऐकून घेणं त्यांना जमणारं नव्हतं. त्या म्हणाल्या, "अंगठ्यापासून? माही तं एकदम डोक्यातच चढली. मले त हलकं हलकं लागून राहिलं. मी आता चालाले चालली."

"कुठी?"

"छत्री तलावापर्यंत."

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. त्या महिनाभर दाराबाहेर पडल्या नव्हत्या. छत्री तलाव गावाबाहेर होता.

खोटं तिथंच संपलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंनी निरोप धाडला, की मीही आता रोज सकाळी चालते, उद्या सात वाजता व्हिडिओ कॉल करते, तुमचा तलाव दाखवा.

सकाळी साडेसहाला वच्छलाबाई लुगडं नेसून सुनेच्या डोक्याशी उभ्या. "गीता, ऊठ. गाडी काढ."

"काय झालं मामीजी? दवाखान्यात जायचं काय?"

"तलावावर जाचं हाये. इचारू नको. तुह्या मायपायी जाचं हाये."

स्कूटीवर मागे बसून त्या तलावावर गेल्या. बरोबर सात वाजता फोन वाजला. वच्छलाबाईंनी तलाव दाखवला, झाडं दाखवली, एक बगळा दाखवला, आणि स्कूटी दिसू नये म्हणून गीतांजलीला ती झाडामागे न्यायला लावली. तिकडून सत्यभामाबाईंनी गोरक्षण रोड दाखवला. त्यांना इतका दम लागला होता की चित्र वरखाली होत होतं. दोघीही आपण किती मजेत आहोत हे एकमेकींना सांगत होत्या. फोन बंद झाल्यावर वच्छलाबाई लगेच उठल्या नाहीत. ऊन कोवळं होतं, पाठीवर बरं वाटत होतं. शेजारच्या बाकावर एक म्हातारा पोपटाला शिव्या शिकवत होता. त्यांना हसू आलं. आवाज फुटला तसा त्या दचकल्या, कारण तो आवाज त्यांना ओळखू आला नव्हता.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला गीतांजली घरात 'दोन आयांचा वर्ल्ड कप' म्हणायची.

सत्यभामाबाई बायकांच्या भजनी मंडळात जाऊ लागल्या, आणि पंधरा दिवसांत तिथली पेटी त्यांनी आपल्याकडे ओढली. वच्छलाबाईंनी गल्लीतल्या पोरींना गजरे करायला शिकवायचं काढलं. सत्यभामाबाईंनी गच्चीवर वांग्याची रोपं लावली. वच्छलाबाईंनी काठी सोडली. सत्यभामाबाई भजनातल्या एका बाईची स्कूटी चालवायला शिकल्या आणि शेजाऱ्याच्या कंपाउंडात शिरल्या. त्यांनी पडलेल्या कंपाउंडाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'खरी गोळी.' वच्छलाबाई फोटो पाहून इतक्या जळल्या की दुसऱ्या दिवशी सरळ दुकानात जाऊन बसल्या.

"आई, गुडघा!" किशोर म्हणाला.

"गुडघा बसून राहाते. तोंड काम करते," त्या म्हणाल्या, आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. "काय पायतं भौ असा? फूल हाये, चावत नाई. घे." त्या दिवशी दुपारपर्यंत निशिगंधाची एक काडी उरली नाही.

आचल महिन्याला येई, तेच नऊ प्रश्न विचारी. पंधराचे तेरा झाले, तेराचे दहा. एक प्रश्न सोडला तर वच्छलाबाईंना तिच्यासमोर खोटं बोलवत नसे. एखाद्या महिन्यात गाडी मागेही जाई. दिवाळीनंतर चार दिवस त्या पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या, आणि ते त्यांनी सांगितलं. पण पाचव्या दिवशी सत्यभामाबाईंचा फोन आला की मी आज सगळ्या जिन्याच्या पायऱ्या दोनदा चढले. मग झोपून कसं भागणार?

डिसेंबरात वच्छलाबाई एक दिवस फार पुढे गेल्या. सत्यभामाबाई शेगावला एकट्या जाऊन आल्याचं रंगवून सांगत होत्या. यांच्या तोंडून निघून गेलं, "शेगाव तं तुमच्या अंगणातच हाये. मी येत्या ऐतवारी धारणीले चालली. यष्टीनं. घाटातून."

तिवशाच्या गाडीतून फुलं उतरवताना शेजारच्या फलाटावर धारणीची गाडी उभी असायची. चाळीस वर्षं ती पाटी वाचली होती, गाडीत कधी पाय ठेवला नव्हता. तेच नाव ओठावर आलं.

मग सत्यभामाबाई म्हणाल्या, "एकट्या काहून? मी येतो ना."

सत्यभामाबाई शनिवारी रात्रीच अकोल्याहून आल्या. रविवारी पहाटे किशोरनं दोघींना गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याच्या बाटल्या दिल्या, आणि कंडक्टरला हळूच सांगितलं, "भाऊ, जरा लक्ष ठेवा. दोघी विहिणी आहेत." कंडक्टरनं पोक्त माणसासारखी मान हलवली.

परतवाडा सुटलं. घाट लागला. दोन्ही बाजूंनी साग, वाळलेल्या पानांवर ऊन. दोघी सुरुवातीला खिडकीबाहेर पाहत, जपून बोलत होत्या. नऊ वर्षांत इतका वेळ मांडीला मांडी लावून बसायची वेळ आली नव्हती.

"गोळी आनली काय?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"अख्खी बाटलीच आनली. आज ऐतवार ना."

"म्याई. दाखवा बरं तुमची."

नियम असा होता की गोळ्यांबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही. पण वाघाच्या जंगलात कोण बघायला येतं? दोघींनी बाटल्या उघडल्या, एकेक कॅप्सूल तळहातावर घेतली. रंग सारखा. वास घेतला, वास नाही. सत्यभामाबाईंनी आपली कानाजवळ हलवून पाहिली. वच्छलाबाईंनी दोन्ही दोन हातांत घेऊन, डोळे मिटून, फुलांचं वजन करावं तसं तोललं. "माही जड हाये," त्या निकाल देणार, तेवढ्यात ड्रायव्हरनं वळण घेतलं.

दोन्ही बाटल्या मांडीवरून उडाल्या. कॅप्सूल साऱ्या गाडीभर.

"थांबवा! थांबवा गाडी!" सत्यभामाबाई ओरडल्या.

"काय सांडलं बाई? सोनं काय?" कंडक्टरनं विचारलं.

"ऊन सांडलं!" वच्छलाबाई म्हणाल्या.

मग अख्खी गाडी वाकली. कोणी सीटखालून दोन काढल्या, एका मास्तरांच्या पायताणात एक निघाली, मागच्या सीटवरच्या बाईनं आपल्या पोराचं तोंड उघडून पाहिलं, तिथं नव्हती. प्रत्येकाच्या नऊ, म्हणजे अठरा हव्या होत्या. सतरा सापडल्या. कंडक्टरनं त्या आपल्या टोपीत गोळा करून आणून दिल्या. सगळ्या एकत्र, सगळ्या सारख्या.

दोघी टोपीत पाहत राहिल्या. कोणाच्या कोणत्या, ते आता कॉम्प्युटरसुद्धा सांगू शकला नसता.

आधी सत्यभामाबाईंचा खांदा हलला. वच्छलाबाईंना वाटलं, रडते. त्यांनी वळून पाहिलं, आणि सत्यभामाबाईंच्या तोंडून असं काही हसू फुटलं की पुढच्या सीटवरचा माणूस उठून उभा राहिला. मग वच्छलाबाई सुटल्या. त्यांना श्वास मिळेना. एक थांबली की दुसरी "पायतानात!" म्हणायची, की पुन्हा सुरू. सेमाडोह आलं तेव्हा कंडक्टरनं सांगितलं, "गाडी वीस मिनिटं थांबेल, बाई. उतरा, हवा घ्या, नाहीतर काही व्हायचं."

उतरल्या. हॉटेलासमोर उन्हात बाकडं होतं. दोघींनी पानाच्या द्रोणात रबडी घेतली. हसून हसून दोघींची पोटं दुखत होती, डोळे पुसून पदर ओले झाले होते. आणि तशातच सत्यभामाबाई म्हणाल्या, "ईनबाई, त्या पहिल्या दिशी मले काई गर्मी चढली नव्हती."

"मले माहीत हाये."

"तुमाले कसं?"

"मलेई नव्हती चढली. आन् मी तलावावर स्कूटीनं गेलती. तुमची पोरगीच घेऊन गेलती मले."

सत्यभामाबाईंनी रबडीचं पान बाजूला ठेवलं. "मी टीव्ही मोठ्यानं लावाची ना? मंग रडाची. शेजारच्याईले आयकू जाऊ नाई म्हणून लावाची. केशवराव असताना मले कधी घरात आवाज नाई लागला. ते गेले आन् घर असं..." त्यांनी हातानं काहीतरी मोठं, पोकळ दाखवलं.

"माहा तं नवरा जाऊन वीस वर्ष झाले," वच्छलाबाई म्हणाल्या. "तवा रडाले टाइम नव्हता, फुलं सुकली असती. हे दुकान सुटलं तवा समजलं, आपल्याले कोणी आवाजच देत नाई. दिसभर, कोणीच. सकाळी उठून मी भिंतीले पाहाची, आन् मले वाटे, आज नाई उठलं तं काय होईन? काईच नाई होणार."

हे त्यांनी आचललाही सांगितलं नव्हतं. त्या मुलीनं नववा प्रश्न, जगणंच नको वाटतं का हा, विचारला की त्या "नाई" म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. सत्यभामाबाईंनी वच्छलाबाईंचा हात हातात घेतला आणि तो तसाच मांडीवर ठेवून दिला. ऊन दोघींच्या तोंडावर होतं. मग सत्यभामाबाई म्हणाल्या, "त्या मांडवातल्या फुलाची तुमाले लय चीड आलती ना?"

"आलती ना! अजूनई येते."

"फुलवाल्यानं ऐनवेळी दगा देल्ला होता. तुमाले सांगाची लाज वाटली. रात्रीतून कापडाचे आणले."

"नऊ वर्ष सांगतलं नाई! सांगतलं असतं तं मी गाडीभर फुलं आणली असती, बाई!" वच्छलाबाई ओरडल्या, आणि पुन्हा हसू आलं, आणि या हसण्यात गाडीचा भोंगा दोघींनाही ऐकू आला नाही.

धुरळा बसला तेव्हा गाडी नव्हती. पिशवी, डबा, स्वेटर, सारं धारणीला गेलं होतं. हॉटेलवाला म्हणाला, तीच गाडी चार-साडेचार तासांनी परत येईल, की जीप थांबवून देऊ? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आणखी एकेक रबडी मागितली. मग टोपीतून रुमालात बांधलेल्या त्या सतरांपैकी डोळे मिटून एकेक कॅप्सूल उचलली आणि घेतली. परतीच्या गाडीत तोच कंडक्टर होता. त्यानं पिशवी दिली आणि हात जोडले. "तुमच्या पोराले काय सांगू म्हणून माह्यं धारणीत जेवण नाई गेलं, बाई!"

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी आचलला बोलावून सगळं कबूल केलं. नवव्या प्रश्नाचंही जुनं, खरं उत्तर सांगितलं. आचल त्यांच्या पलंगावर बसली आणि त्या दिवशी तिनं टॅब बाजूला ठेवला. नंतर डॉक्टर स्वतः फोनवर बोलले, पुढे काही महिने दर पंधरवड्याला बोलत राहिले. "गोळी चालू राहू द्या, पण हे बोलणंही औषध आहे. असं मनात आलं की लगेच कोणाला तरी आवाज द्यायचा," असं त्यांनी बजावलं. बाटल्या बदलून मिळाल्या. फक्त गोळ्या मिसळल्याचं कारण आचलला लिहून द्यायचं होतं.

"काय लिहू आजी?"

"लिही, रस्ता खराब."

फेब्रुवारीत सहा महिने संपले. मार्चमध्ये अमरावतीच्या एका सभागृहात सगळ्यांना बोलावलं. अकोल्याहून एक गाडी भरून माणसं आली, त्यात सत्यभामाबाई नव्या काठाच्या साडीत. डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, "खरी गोळी घेणाऱ्यांचं मन सुधारलं. खोटी घेणाऱ्यांचंही जवळपास तेवढंच सुधारलं. आमच्या या लहानशा अभ्यासात तरी गोळीनं उदासी गेली, असं आम्हाला म्हणता येत नाही. डी कमी असेल तर हाडांसाठी ते घ्यायलाच हवं, ते वेगळं. आणि मन खचलं असेल तर त्याचा वेगळा इलाज असतो, तो टाळू नका."

मग प्रत्येकाला बंद पाकीट मिळालं. वच्छलाबाईंनी आपलं गीतांजलीकडे दिलं आणि तिला खांबाआड नेलं. "वाच."

गीतांजलीनं वाचलं. "मामीजी, तुमची खरी होती. पंधरावरून पाचवर आलात."

खरी! वच्छलाबाईंची मान ताठ झाली. सहा महिने ज्यासाठी भांडलो ते हातात होतं. त्या वळल्या, विहिणीला शोधायला, तोंडात वाक्य तयार होतं. सत्यभामाबाई समोरूनच येत होत्या. त्यांचं पाकीट उघडं होतं आणि चेहरा लहान पोरीसारखा उतरला होता.

"माही खोटी निघाली, ईनबाई," त्या म्हणाल्या. "सोळाचे चार झाले, पण खोटीवर. सहा महिने म्या काय खाल्लं, देव जाने. जिन्याच्या पायऱ्या, पेटी, स्कूटी... मैद्यावर केलं काय म्या ते?" आणि मग, "तुमची?"

वच्छलाबाईंच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांना सेमाडोहचं बाकडं आठवलं नाही, की काही मोठा विचारही आला नाही. फक्त जिंकल्यासारखं काहीच वाटेना.

"माहीई खोटीच," त्या म्हणाल्या.

गीतांजलीनं पाकीट पटकन पर्समध्ये घातलं.

"दोघीईच्या खोट्या?" सत्यभामाबाईंचे डोळे मोठे झाले. "मंग त्या यष्टीत आपण काय वेचलं मा? मास्तरच्या पायतानातून मैदा काढला?" आणि सभागृहाच्या मधोमध, डॉक्टरांच्या पुढ्यात, त्या अशा हसायला लागल्या की अकोल्याच्या गाडीतल्या बायकाही कारण न विचारता हसू लागल्या. वच्छलाबाई त्यांना धरून उभ्या होत्या. एकीनं दुसरीला धरलं नसतं तर दोघी पडल्या असत्या.

तेवढ्यात आचलनं पुकारलं, की ज्यांना खोटी मिळाली त्यांनी टेबलावरून खऱ्या गोळ्यांची बाटली घेऊन जावी, फुकट. सत्यभामाबाईंनी विहिणीचा दंड पकडला. "चला! आता दोघी संगंच खरी घेऊ." वच्छलाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की सून आयुष्यात पहिल्यांदा आईशी खोटं बोलली. "मामीजीची बाटली मी आमच्या लॅबमधून आणते. तू एकटी उभी राहा."

तेव्हापासून दर रविवारी दीड वाजता व्हिडिओ कॉल होतो. सत्यभामाबाई अकोल्यात गच्चीवरच्या वांग्यांजवळ बसून खरी कॅप्सूल घेतात. वच्छलाबाई दुकानातच असतात, शेवंतीच्या ढिगामागे. त्यांचं डी आता चांगलं वर आलं आहे, पुढच्या गोळ्या तपासणी करून आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच. म्हणून त्या बडीशेपेची साखरेची गोळी तोंडात टाकतात आणि वर घोटभर पाणी पितात.

मागच्या रविवारी सत्यभामाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "ईनबाई, तुमची गोळी गुलाबी काहून दिसून राहिली?"

"आमची अमरावतीची कंपनी वेगळी हाये," वच्छलाबाई म्हणाल्या.

"आन् तुमी ती चावून राहिल्या!"

"जास्त लागते चावून घेतली तं. तुमी नका चावू, तुमचे दात नवे हाये." मागे हार ओवत बसलेल्या किशोरला ठसका लागला, आणि वच्छलाबाईंनी तिकडे न पाहताच समोरच्या गिऱ्हाइकाला हाक मारली, "ये भौ, ये! काय देऊ?"